राष्ट्रघटनेचे तीन वाटेकरी

१९४८ सालच्या मार्च महिन्यात सेवाग्राम येथे रचनात्मक कार्यकर्त्यांची एक परिषद भरली. गांधीजींच्या निधनास त्या वेळी जेमतेम दीड महिना लोटला होता. ही परिषद मुळात फेब्रुवारीत, त्यांच्याच उपस्थितीत व्हावयाची होती. दिल्लीहून सेवाग्रामास परतण्याचा त्यांचा बेतही ठरत आला होता. ३० जानेवारीने तो बेत मोडला, आणि जे त्यांच्यापुढे बसून ऐकावयास यावयाचे त्यांना एकमेकांकडे पाहत बसण्याची पाळी आली. जवाहरलाल नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद यांसारखे पुढारी आले होते. विनोबा भावे, जे. सी. कुमारप्पा, झाकिर हुसेन यांसारखे संस्था चालविणारेही आले होते. स्वराज्य पदरात पडले होते. आता राष्ट्र घडविण्याचे ओझे कोणी किती उचलावयाचे, हा प्रश्न होता.

गांधीजींनी आपल्यापुरते त्याचे उत्तर देऊन ठेवले होते. मृत्यूच्या आदल्या दिवशी लिहिलेल्या मसुद्यात काँग्रेसने राजकीय संघटना म्हणून आपले विसर्जन करावे व लोकसेवक संघाचे रूप घ्यावे, असे त्यांनी सुचविले होते. नुकत्याच सत्तेवर आलेल्या पक्षास हे पचणे कठीण होते, आणि ते पचले नाही. परिषदेतून निघाले ते निराळेच: विचाराने एकत्र असणाऱ्यांचा एक सैल बांधणीचा सर्वोदय समाज, आणि निरनिराळ्या संघांना एका छताखाली आणणारी सर्व सेवा संघाची योजना. राज्यकर्ते दिल्लीस परत गेले, कार्यकर्ते आपापल्या संस्थांत परत गेले. या दोघांखेरीज जो तिसरा वाटेकरी, तो सामान्य नागरिक. तो निमंत्रितांत असण्याचा प्रश्नच नव्हता. वास्तविक वर्धा जिल्ह्याचा अनुभव विचारला असता, तर त्याने सर्वांत अधिक या तिसऱ्याविषयीच सांगितले असते.

कारण हा प्रश्न वर्ध्यास नवा नव्हता. वर्ध्यातील लक्ष्मीनारायणाचे मंदिर हे जमनालाल बजाज यांच्या घराण्याचे. जमनालालजींच्या मनात ते अस्पृश्यांस खुले करावयाचे होते. घरचेच देवालय म्हणून एके दिवशी स्वतः दार उघडून ते मोकळे झाले असते, तर वर्तमानपत्रांत चार दिवस नाव झाले असते. त्यांनी तसे केले नाही. मंदिराचा कारभार विश्वस्तांकडे होता. तेव्हा त्या विश्वस्तांची मने वळवून रीतसर ठराव करून घ्यावा, असे त्यांनी धरले. १९२८ च्या जुलै महिन्यात तो ठराव झाला आणि मंदिर खुले झाले. एवढ्या नावाजलेल्या देवालयाचे दार अशा रीतीने उघडल्याचे हे देशातील अगदी आरंभीचे उदाहरण. जमनालालजींस त्यापायी स्वतःच्याच समाजातील सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. तथापि दार पुन्हा लागले नाही. एका माणसाच्या औदार्याने उघडलेले दार त्याच्या पश्चात लागू शकते. विश्वस्तांच्या ठरावाने उघडलेले दार लावावयाचे तर दुसरा ठराव करावा लागतो, आणि त्यासाठी उघडपणे हात वर करावा लागतो. संस्थेचे सामर्थ्य ते हेच. मात्र एक गोष्ट ठराव करू शकत नव्हता. दर्शनास आलेल्या हरिजनाशेजारी उभे राहावयाचे की त्या दिवसापासून दुसरे देऊळ धरावयाचे, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे होते.

याच गोष्टीची पुढची, आणि अधिक कडू, पायरी सिंदी या गावी दिसून आली. गांधीजी वर्ध्यात मगनवाडीस राहत होते तेव्हाची ही हकीकत, म्हणजे १९३५-३६ च्या सुमाराची. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाला होता व मगनवाडी हेच त्याचे ठाणे होते. तेथून जवळच असलेल्या सिंदीच्या वाटांवर लोक उघड्यावर शौचास बसत. मीराबहेन, महादेवभाई देसाई व इतर मंडळी झाडू व बादल्या घेऊन तेथे जात व मैला उचलून त्यावर माती टाकीत. हा क्रम काही आठवडे नव्हे, महिनोन्‌महिने चालला. अपेक्षा अशी की एवढे मोठे लोक हे काम करताना पाहून गावकऱ्यांस लाज वाटेल व ते आपली सवय सोडतील. तसे घडले नाही. उलट, पलीकडे अजून घाण आहे ती उचलावयाची राहिली, असे दाखवून देणारेही निघाले!

या प्रकारास गावकऱ्यांचा कोडगेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. गावाच्या रचनेत मैला उचलणाऱ्याची जागा शेकडो वर्षे ठरलेली होती. त्या जागेवर एक निराळा माणूस, तोही बिनपगारी, येऊन उभा राहिला, एवढाच अर्थ गावाने घेतला. आदर्श म्हणून जे पुढे ठेवले होते ते सोय म्हणून स्वीकारले गेले. पुढाऱ्याचे उदाहरण कितीही थोर असो, जुन्या चौकटीत ते सहज बसत असेल तर ती चौकट ते गिळून टाकते. गांधीजींस याचे आश्चर्य वाटले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पापाचे प्रायश्चित्त थोड्या महिन्यांत कसे संपेल, अशी त्यांची भूमिका होती. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावी राहावयास गेले. हेच गाव पुढे, बुलढाण्याकडील शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्यामुळे, १९४० साली सेवाग्राम झाले.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेली शिक्षण परिषद व तीतून निघालेली नई तालीम यांची हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. तीबद्दल येथे एवढेच सांगावयाचे, की झाकिर हुसेन समितीने अहवाल तयार केला, पुढल्याच वर्षी हरिपुरा काँग्रेसने ती योजना उचलली, अनेक प्रांतांतील मंत्रिमंडळांनी शाळा काढल्या. आणि १९३९ च्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळांनी राजीनामे देताच त्यांतील बहुतेकांचा आधार सुटला. सेवाग्रामात आर्यनायकम् दांपत्याने आपली शाळा चालू ठेवली. परंतु ज्यांच्या मुलांसाठी ही शाळा होती त्या पालकांच्या मनात टकळीपेक्षा सरकारी नोकरीचेच आकर्षण अधिक होते, आणि यात त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. ज्या समाजात हाताने काम करणारास मान नाही, त्या समाजात आपलेच मूल हातकामाच्या शाळेत घालावे, ही मागणी गरिबाकडे प्रथम केली गेली, हे विसरता येणार नाही.

या सर्वांहून ज्या एका कामात पुढारी, संस्था व नागरिक यांचे वाटे अगदी स्पष्ट वेगळे दिसतात ते काम म्हणजे महारोगाचे निवारण. महारोग हा शब्द आता मागे पडून कुष्ठरोग हा शब्द रूढ झाला आहे, तो योग्यच झाला. कारण हा रोग महा नाही. त्याचे जंतू नॉर्वेतील हान्सेन याने १८७३ साली शोधून काढले. ते अत्यंत संथपणे वाढतात. लागण झाल्यापासून पहिले चिन्ह दिसेपर्यंत कित्येकदा वर्षे जातात. बहुसंख्य माणसांच्या अंगी त्यांना तोंड देण्याची शक्ती उपजतच असते, त्यामुळे सहज स्पर्शाने तो जडतो ही समजूत चुकीची आहे. तो बाधतो त्वचेला व कातडीलगतच्या मज्जातंतूंना. आरंभी अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो दुखत नाही, खाजत नाही. उलट त्या जागेची संवेदनाच नाहीशी होते. बोटे झडतात असे लोक म्हणतात, तेही नीटसे खरे नव्हे. बधिर झालेल्या हाताला तवा पोळला किंवा पायात काटा मोडला तरी कळत नाही. जखमा चिघळतात आणि त्यातून बोटे जातात. चट्टा दिसतो त्या वेळीच औषध मिळाले, तर यांपैकी काहीही होण्याचे कारण नाही.

गोष्ट अशी आहे, की जो चट्टा दुखत नाही तो घेऊन कोणी वैद्याकडे जात नाही. आणि ज्याला तो चट्टा काय आहे याची शंका येते, तो तर तो मुद्दाम झाकतो. का झाकतो, हे सांगावयास नको. घरातून ओसरीवर, ओसरीवरून गावाबाहेर, गावाबाहेरून तीर्थक्षेत्रीच्या पायऱ्यांवर, हा रोग्याचा मार्ग सर्वांनी पाहिलेला होता.

वर्ध्यात या कामास हात घातला तो विनोबांच्या सहवासात वाढलेल्या मनोहर दिवाण यांनी. १९३६ साली त्यांनी महारोगी सेवा मंडळ स्थापन केले आणि वर्ध्याजवळ दत्तपूर येथे रोग्यांची वसाहत उभी केली. तोपर्यंत असे काम ख्रिस्ती मिशनऱ्यांखेरीज या देशात क्वचितच कोणी करीत असे. गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेत दिवाणांचा उल्लेख केला तो याच कारणाने. रोग्याने भिक्षा मागू नये, झेपेल ते काम करून मानाने खावे, हा दत्तपूरचा नेम होता. औषध म्हणावे तर त्या काळी चालमोगऱ्याचे तेल, तेही टोचून घ्यावयाचे. त्याने गुण येई तो बेताचाच. अर्थात् दत्तपूर हे प्रामुख्याने आश्रयाचे स्थान होते.

पुढे परचुरेशास्त्री सेवाग्रामास आले. हे संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे सोबती, आणि कुष्ठरोगी. आश्रमात त्यांना ठेवावे की नाही, हा प्रश्न गांधीजींपुढे होता. त्यांनी आपल्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठी झोपडी उभारविली व ते स्वतःच्या हाताने त्यांना मालीश करू लागले. त्या वेळचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. पुढारी काय करू शकतो याची ही परिसीमा होय. जे शरीर कोणी शिवत नव्हते त्याला देशातील सर्वांत मोठ्या माणसाने सर्वांदेखत हात लावला. यापुढे पुढाऱ्याची शक्ती जाऊ शकत नाही. त्या मालिशीने परचुरेशास्त्र्यांचा रोग बरा झाला नाही. आणि देशातील लाखो रोग्यांना एकेक गांधी मिळणे तर दूरच.

तेव्हा पुढचा वाटा संस्थेचा. गांधीजींच्या स्मारक निधीतून १९५१ साली वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झाले. याच सुमारास डॅप्सोन हे पोटात घेण्याचे स्वस्त औषध हाती आले होते. संस्थेने नवी वसाहत बांधली नाही. तिने कार्यपद्धती ठरविली ती तीन शब्दांत सांगता येते: पाहणी, शिक्षण, उपचार. म्हणजे असे, की शिकविलेल्या कार्यकर्त्याने नेमून दिलेल्या गावांतील प्रत्येक घरी जावयाचे, घरातील प्रत्येक माणसाचे अंग पाहावयाचे, रोगाविषयीची खरी माहिती त्या घरास व शेजारास सांगावयाची, आणि चट्टा सापडल्यास रोग्यास त्याच्याच गावी, त्याच्याच घरी ठेवून औषध सुरू करावयाचे. रोग्याने संस्थेकडे यावे ही जुनी रीत. संस्थेने रोग्याकडे जावे ही नवी. सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत ही रीत कसास लागली, आणि केंद्र सरकारने १९५५ साली राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम आखला तेव्हा त्यास हाच नमुना उपयोगी पडला. एका जिल्ह्यात सिद्ध झालेली गोष्ट देशाचे धोरण व्हावी, याहून संस्थेने अधिक काय करावयाचे?

आता याच १९५५ सालाची दुसरी बाजू पाहावी. एकीकडे सरकार खेडोपाडी माणसे पाठवून हा रोग बरा होतो असे सांगण्याची तयारी करीत होते. त्याच वर्षी संसदेने हिंदु विवाहाचा कायदा केला, आणि जोडीदारास दुर्धर व असाध्य कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून त्यात नमूद केले. घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या शब्दावर एखाद्या बाईने विश्वास ठेवून चट्टा दाखविला, तर त्याच सरकारचा कायदा तिच्या नवऱ्याच्या हाती काय देत होता, हे लक्षात घेतले म्हणजे तो चट्टा झाकणे हा अडाणीपणा होता असे म्हणवत नाही. इंग्रजी अमदानीतील १८९८ चा कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याचा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि विवाहविषयक कायद्यांतील हे कलम २०१९ साली. औषध त्याच्या किती तरी आधी तयार होते! नुसत्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली तीन औषधांचा एकत्र उपचार सुचविला. तो भारतात ज्या जिल्ह्यांत अगदी प्रथम सुरू झाला त्यांत वर्धा होता. पूर्वी जे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागे त्याचा क्रम पुढे सहा किंवा बारा महिन्यांत पुरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये, देशभरचा हिशेब धरता, दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी हे उद्दिष्ट साधले. पुढाऱ्यांचे काम केवळ रोग्यास स्पर्श करून संपत नाही. कायद्याच्या पुस्तकातील ओळी खोडण्याचे कंटाळवाणे कामही त्यांचेच, आणि तेच सर्वांत मागे पडले.

उद्दिष्ट साधले म्हणजे रोग संपला असे मात्र नाही. अलीकडच्या वर्षांतही भारतात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रोगी आढळत आले आहेत, आणि जगातील नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक येथले असतात. औषध फुकट आहे, ते प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात मिळते, विवाहाचा कायदाही आता आड येत नाही. मग रोगी उशिरा का सापडतात? येथे तिसरा वाटेकरी पुढे येतो.

या तिसऱ्याकडून काही मागता येते आणि तो देतोही, याचा एक दाखला सेवाग्रामातच आहे. सुशीला नय्यर यांनी वाढविलेल्या कस्तुरबा रुग्णालयाच्या जोडीला १९६९ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यातील डॉक्टरांनी पुढे आसपासच्या खेड्यांसाठी आरोग्यविम्याची योजना आखली. तिची वर्गणी पैशांत नसून ज्वारीत होती. सुगीच्या वेळी, घरात धान्य असते तेव्हा, प्रत्येक कुटुंबाने आपला वाटा द्यावयाचा. भूमिहीनाने थोडा, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने अधिक. सेवा मात्र दोघांसही सारखीच. आणि अट अशी, की गावातील सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबे सामील होणार असतील तरच ते गाव योजनेत घ्यावयाचे. ही अट वरवर कठोर दिसते. ज्याला नागपूरचा डॉक्टर परवडतो त्याने ज्वारी का द्यावी, हा प्रश्न गावोगाव निघणारच. पण ज्याला गरज नाही तो बाहेर राहिला, तर उरते ती केवळ गरिबांची झोळी, आणि ती कधी भरत नाही. म्हणून गावाने आधी आपसात बसून ठरवावे लागे. सिंदीच्या वेळी गाव उभे राहून पाहत होते. येथे ज्वारीचे माप घातल्याशिवाय काही सुरूच होत नव्हते. दान घेणाऱ्या गावास तक्रार करता येते. वर्गणी भरलेल्या गावास जाब विचारता येतो. या दोहोंतील फरक म्हणजेच नागरिकत्व.

कुष्ठरोगाच्या बाबतीत अशी ज्वारी मोजता येत नाही. तेथे मागितली जाते ती शेजाऱ्याची वागणूक. शहरांतील सुशिक्षित घरांना हे खेड्यांचे दुखणे वाटण्याचा संभव आहे. परंतु मोलकरणीच्या हातावर एक फिकट डाग दिसला, तर अशा किती घरांत तिला आरोग्य केंद्राचा पत्ता सांगितला जाईल व किती घरांत महिन्याचा पगार हाती देऊन उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले जाईल, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या घरी आहे. उपचार सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस होणारा धोका फार लवकर नाहीसा होतो, हे वैद्यकाने केव्हाच सिद्ध केले आहे. औषधाने तिचा रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होईल. गेलेले घरकाम, आणि त्या घरावरून दुसऱ्या घरी पोहोचलेली बातमी, मात्र परत येत नाही. तिने पुढच्या वेळी लांब बाह्यांचे पोलके घातले, तर तो दोष तिचा म्हणावा काय?

वर्धा जिल्ह्यात, आणि देशात इतरत्र, कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत आशा कार्यकर्त्या घरोघर जातात. त्यांच्या हाती कागद असतो, पिशवीत माहितीची पत्रके असतात, आणि विचारावयाचे प्रश्न पाठ असतात. अंगावर कोठे न दुखणारा चट्टा आहे काय, असा त्यांचा पहिला प्रश्न. दारात उभी असलेली बाई लगेच उत्तर देत नाही. ती आधी शेजारचे दार उघडे आहे की बंद आहे, ते पाहते.